पहिला घाणा : घरच्या पातेल्यात धान्यापासून बिअर

बिअरचे जिन्नस चार : मोड आणून वाळवलेली बार्ली, पाणी, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले) आणि यीस्ट. बार्लीतल्या पिष्टाची साखर करायची, त्या गोड पाण्यात हॉप्स घालून ते उकळायचे, निववायचे आणि यीस्टच्या हवाली करायचे, एवढाच हा उद्योग आहे. घरी बिअर करणारे बरेच जण यातली पहिली पायरी विकत घेतात. अशा बार्लीचा, म्हणजे मॉल्टचा, घट्ट तयार पाक आणतात, पाण्यात कालवतात आणि तिथून पुढचे काम करतात. धान्यापासून सुरुवात करणारा तो पाक स्वतः काढतो. त्याला जास्तीचे लागते ते एक मोठे पातेले, एक कापडी पिशवी, भरवशाचा थर्मामीटर आणि सुट्टीच्या दिवसातले चार-पाच तास. बदल्यात धान्य कोणते, किती भाजलेले, बिअर अंगाने हलकी हवी की भरीव, हे सगळे त्याच्या हाती येते. शिवाय पाकापेक्षा धान्य स्वस्त पडते.

हे काम कुठे करता येते, ते आधी पाहावे लागते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली उठली. तेव्हापासून स्वतःच्या पिण्यापुरती बिअर करायला कोणाला विचारावे लागत नाही. विकता मात्र येत नाही. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलनपर्यंत करमाफी मिळाली. राज्यांचे कायदे वेगळे राहिले. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ मध्ये राजी झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही घरच्यापुरती मुभा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते. गोव्यातही अबकारी परवान्यावाचून चालत नाही. सौदी अरेबिया किंवा कुवेतमध्ये तर या वाटेला जाऊच नये. म्हणून पुढची सगळी पद्धत ब्रिटनमधल्या साध्या स्वयंपाकघराला धरून दिली आहे. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मापे आणि दुकाने बदलतील, पद्धत तीच राहील. एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी : बिअर आंबवणे आणि दारू गाळणे हे कायद्याच्या नजरेत दोन निराळे व्यवहार आहेत. ब्रिटन आणि अमेरिकेत घरी बिअर करायला मोकळीक असली तरी घरी दारू गाळायला नाही.

ब्रुअरीत धान्य भिजवायला एक भांडे, वरून गरम पाणी सोडून धान्य धुवायला दुसरे आणि उकळायला तिसरे अशी मांडणी असते. हौशी लोकांनीही बरीच वर्षे शीतपेटीला तोटी बसवून याचीच छोटी नक्कल केली. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी पिशवीची पद्धत रूढ केली. सगळे पाणी एकाच पातेल्यात घ्यायचे, धान्य पिशवीत घालून त्यात सोडायचे, तासाभराने पिशवी उचलून घ्यायची आणि राहिलेले पाणी त्याच पातेल्यात उकळायचे. यात धान्यातली साखर जरा कमी निघते, म्हणजे पाव-अर्धा किलो धान्य जास्त लागते. पहिल्या घाण्याला हा हिशेब अजिबात महाग नाही, कारण धुवायला एकच भांडे उरते.

घाणा १० लिटरचा धरावा. पुस्तकांतल्या बहुतेक कृती २० ते २३ लिटरच्या असतात, पण तेवढे पाणी घरगुती शेगडीवर उकळी धरता धरत नाही, आणि उकळत्या पाण्याने भरलेले तीस लिटरचे भांडे ओट्यावरून उचलणे हा या छंदातला खरा धोका आहे. १० लिटरच्या घाण्यातून अर्ध्या लिटरच्या १८-१९ बाटल्या भरतात. त्यासाठी २० लिटरचे स्टीलचे पातेले, पडद्याच्या पातळ जाळीदार पॉलिएस्टर कापडाची पातेल्याच्या तोंडावर बसेल एवढी पिशवी, साधारण १५ लिटरची घट्ट झाकणाची खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची बादली, तिच्या झाकणात बसणारा एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी नळी), सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता आणि त्यावरून साखर मोजणारे तरंगते उपकरण), आणि हॉप्स ग्रॅममध्ये मोजता येतील असा वजनकाटा एवढे लागते. बाटल्या तपकिरी काचेच्या, जाड बुडाच्या घ्याव्यात. पिऊन झालेल्या बिअरच्या बाटल्या धुऊन साठवल्या तर त्यांचा खर्चही वाचतो. बुचे आणि ती बसवायचे हातयंत्र विकत घ्यावे लागते.

थर्मामीटर आणल्यावर तो आधी तपासून घ्यावा. बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य दाखवायला हवे आणि उकळत्या पाण्यात १०० च्या जवळपास. चार-पाच अंशांनी चुकणारे थर्मामीटर दुकानांत सर्रास मिळतात, आणि धान्य चुकीच्या पाण्यात पडल्याची बरीच उदाहरणे अशा थर्मामीटरपाशी येऊन थांबतात.

धान्य आणि कृती

मॉल्ट म्हणजे पाण्यात भिजवून, मोड आणून, मोड फार वाढण्याआधीच भट्टीत वाळवलेले धान्य. नाचणीला मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करतात त्यातलाच हा प्रकार. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. एरवी कोंबाला अन्न पुरवण्यासाठी ते पिष्ट फोडतात. बिअर करणारा त्यांना स्वतःच्या कामाला लावतो. साधी न मोडवलेली बार्ली दळून गरम पाण्यात टाकली तर नुसती खळ तयार होते, हे त्यामुळेच.

पहिल्या घाण्यासाठी इंग्लिश पेल एल, म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ आंबणारी फिकी बिअर, योग्य. तिला थंड तळघर लागत नाही, ती महिन्याभरात पिण्याजोगी होते आणि तिच्यात लपवण्यासारखे फार काही नसते, त्यामुळे कुठे काय बिघडले ते चवीवरून कळते. बास आणि ऑलसॉप या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या कंपन्यांची अशीच फिकी एल एकोणिसाव्या शतकात जहाजांनी मुंबईच्या बंदरात उतरत असे. गोऱ्या शिपायांची आणि साहेबांची तहान भागवणारी ती बिअर अर्थात जास्त कडू असायची. घरच्यासाठी धान्य असे : मॅरिस ऑटर जातीचे पेल मॉल्ट २ किलो आणि क्रिस्टल मॉल्ट १०० ग्रॅम. मॅरिस ऑटर हे बार्लीचे वाण केंब्रिजच्या पैदास केंद्रात १९६० च्या दशकात निघाले. त्याचे उत्पादन नव्या वाणांपेक्षा कमी येते, तरी एल करणारे ते सोडत नाहीत, कारण त्यातून साखर सहज सुटते आणि चवीला बिस्किटाची छटा येते. क्रिस्टल मॉल्टने रंग तांबूस होतो आणि थोडा गोडवा उरतो. १०० ग्रॅमचे ३०० ग्रॅम करण्याचा मोह टाळावा. जास्त क्रिस्टलची बिअर दुसऱ्या पेल्यालाच जड होते.

धान्य दुकानातूनच भरडून आणावे. दाणा फुटायला हवा पण टरफल शक्यतो अखंड राहायला हवे. मिक्सरमध्ये निम्म्याचे पीठ होते आणि ते पिशवीच्या जाळीतून गळून पातेल्याच्या बुडाला लागते. हॉप्स ईस्ट केंट गोल्डिंग्ज, ३५ ग्रॅम. पाकिटावर अल्फा आम्लाचा टक्का छापलेला असतो. तो ५ च्या आसपास असेल तर हे प्रमाण बरोबर बसते. वेगळा असेल तर कडवटपणासाठी घालायचे हॉप्स त्या मानाने कमी-जास्त करावेत. यीस्ट कोरडे, इंग्लिश एलचे, सेफेल एस-०४ किंवा नॉटिंगहॅम. ही पाकिटे साधारण २० लिटरसाठी असतात, तरी १० लिटरला पूर्ण पाकीट घातल्याने काही बिघडत नाही.

पाणी १५ लिटर. १० लिटर बादलीत जायचे, पावणेदोन लिटर धान्य पिऊन टाकते, अडीच ते तीन लिटर तासाभराच्या उकळीत आटते आणि उरलेले गाळाबरोबर पातेल्यात राहते. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असते. ते तसेच राहिले तर यीस्ट आणि धान्यातल्या घटकांशी जुळून बिअरला जखमेवरच्या पट्टीचा वास येतो, आणि हा वास पुढे कशानेही जात नाही. कॅम्पडेनची, म्हणजे मेटाबायसल्फाइटची, पाव गोळी चुरडून या पाण्यात ढवळली की काही मिनिटांत दोन्ही निघून जातात. नुसते उकळून क्लोरीन जातो, क्लोरामाइन चिवट असतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधले पाणी बरेच कठीण व अल्कलीयुक्त आहे. तिथे फिकी बिअर करताना निम्मे पाणी कमी क्षारांचे बाटलीबंद घेतले तर चव तुरट होत नाही. पाण्यातल्या क्षारांचे शास्त्र याहून खोल आहे, पण ते तिसऱ्या-चौथ्या घाण्याला उघडावे.

भिजवण्याचा तास

पिशवीतल्या धान्याचे तापमान तासभर ६६ अंशांच्या आसपास ठेवणे एवढेच मॅशिंग. धान्य खोलीच्या तापमानाचे असल्यामुळे ते पडताच पाणी थोडे निवते, म्हणून पाणी आधी ६९ अंशांपर्यंत तापवावे. आच बंद करावी, पिशवी पातेल्यात अंथरून तिचे काठ बाहेर दुमडावेत आणि धान्य मूठमूठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. एकदम ओतले तर आतून कोरडे गोळे बनतात आणि तेवढे धान्य फुकट जाते. मग तापमान पाहून झाकण लावावे आणि पातेले जुन्या रजईत गुंडाळून ठेवावे. एवढे पाणी असल्यावर तासाभरात दोन-तीन अंशांहून जास्त उतरत नाही. मध्ये आच द्यावीच लागली तर बुडाशी एक पालथी ताटली ठेवावी, नाही तर पिशवी वितळून चिकटते.

या तासात दोन एन्झाइम काम करतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत जोमात असतो आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर तयार करतो. अल्फा-अमायलेजला ७० च्या जवळचे तापमान मानवते; तो लांब साखळ्या मधूनच तोडतो आणि यीस्टला न पचणारे तुकडेही मागे ठेवतो. म्हणून ६४ अंशांवर भिजवलेल्या धान्याची बिअर कोरडी, पातळ आणि जरा जास्त मद्यार्काची होते. ६९ वरची भरीव आणि गोडसर. ६६ हा मधला मार्ग. नवखे लोक या आकड्यासाठी जीव टाकतात, पण दोन अंश इकडेतिकडे झाले तर बिअर फक्त थोडी वेगळी होते, बिघडत नाही. खरी मर्यादा वरच्या बाजूला आहे. ७५ च्या पुढच्या पाण्यात धान्य पडले तर एन्झाइम काही मिनिटांत निकामी होतात आणि पुढे कितीही थांबले तरी साखर होत नाही. शंका असेल तर पाणी थोडे कमीच तापवून धान्य घालावे आणि नंतर सावकाश वर न्यावे.

पातेल्यात काय चालले आहे ते डोळ्यांना आणि जिभेला कळते. धान्य पडल्यावर पाणी गढूळ, पांढरट असते आणि चमच्यातले थेंब चाखले तर पिठूळ लागते. वीसेक मिनिटांनी तेच पाणी पारदर्शक तपकिरी दिसू लागते, चमच्याच्या मागून ओघळताना त्याला चकाकी येते, आणि बोटे एकमेकांना चिकटू लागतात. आता ते चांगले गोड लागते. बशीत थोडे घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि तो निळाकाळा झाला नाही, म्हणजे पिष्ट संपले. बशीतला तो थेंब पातेल्यात परत टाकू नये. बहुतेक काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकते. उरलेला वेळ खात्रीचा.

तासाने पातेले पुन्हा शेगडीवर ठेवून ढवळत ७६ अंशांपर्यंत न्यावे. यामुळे गोड पाणी पातळ होऊन धान्यातून सुटते. मग पिशवी उचलून पातेल्यावर आडव्या ठेवलेल्या जाळीवर निथळत ठेवावी आणि हातमोजे घालून पिळून घ्यावी. पिशवी पिळली की बिअर तुरट होते, असे जुने पुस्तकी मत आहे. ते फारसे मनावर घेऊ नये. टरफलातला तुरटपणा उतरतो तो फार गरम आणि अल्कलीयुक्त पाण्यामुळे, पिळण्यामुळे नाही. आता पातेल्यात सुमारे १३ लिटर गोड पाणी, म्हणजे वर्ट, उरले पाहिजे. थोडे काढून २० अंशांपर्यंत निववून हायड्रोमीटर बुडवला तर आकडा १.०३५ च्या आसपास येतो.

पिशवीतला चोथा वाळवून दळला तर थालीपिठाच्या भाजणीत मूठभर खपतो, त्याहून जास्त घातला तर टरफल दाताखाली येते. बाकीचा बागेच्या खतात जावा. हॉप्स मात्र कुत्र्याच्या तोंडाशी कधीही येऊ देऊ नयेत, वापरलेलेसुद्धा. ते कुत्र्याच्या पोटात गेले तर अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

उकळी आणि निववणे

वर्ट उकळी धरताना वर तपकिरी फेसाचा थर चढतो आणि क्षणात उतू जातो, दुधासारखा दमही देत नाही. या पाच मिनिटांत पातेल्यापासून हलू नये; आच कमी करून ढवळले किंवा थंड पाण्याचा फवारा मारला की फेस बसतो. फेस बसून खळखळून उकळी आल्यावर २० ग्रॅम हॉप्स घालावेत आणि घड्याळ लावावे. तासाभराच्या उकळीत हॉप्समधली अल्फा आम्ले रूप बदलून पाण्यात उतरतात आणि कडवटपणा येतो. झाकण उघडेच ठेवावे. फिक्या मॉल्टमधून निघणारे, उकडलेल्या मक्याच्या वासाचे एक गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर निघून जायला हवे. शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस चिमूटभर किंवा व्हर्लफ्लॉकची पाव गोळी घातली तर प्रथिनांचे गोळे होऊन खाली बसतात आणि बिअर निवळ होते. शेवटची दहा मिनिटे उरली असताना बाकीचे १५ ग्रॅम हॉप्स घालावेत. हे वासासाठी, कारण सुगंधी तेले लांब उकळीत उडून जातात. लाकडी उलथण्याच्या दांड्यावर लिटरच्या खुणा आधीच करून ठेवल्या असतील तर किती आटले ते एका नजरेत कळते. पाणी कमी पडले तर उकळलेले पाणी घालून भरून काढावे.

आच बंद केल्यापासून नियम बदलतो. इथवर उकळी सगळे मारत होती, म्हणून पिशवी, चमचा, पातेले स्वच्छ असले तरी पुरत होते. यापुढे वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक असायलाच हवे : बादली, झाकण, एअरलॉक, नळी, हायड्रोमीटर, कात्री आणि यीस्टचे पाकीटसुद्धा. आधी साबण किंवा सोड्याने धुऊन मळ काढावा, कारण मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. नंतर स्टार सॅनसारखे आम्लयुक्त द्रव लिटरला दीड मिलिलिटर या प्रमाणात मिसळून त्यात मिनिटभर भिजवावे. त्याचा फेस राहिला तरी पुन्हा धुवायचे नसते. घरगुती ब्लीच वापरले तर मात्र उकळून निवलेल्या पाण्याने नीट विसळावे लागते, नाही तर क्लोरीनचा तोच जुना वास परत येतो.

पातेले झाकून सिंकमध्ये थंड पाण्यात बसवावे, पाणी दोन-तीनदा बदलावे, शेवटी बर्फ टाकावा. ओट्याजवळची खिडकी उघडी असेल तर लावून घ्यावी. धूळ आणि चिलटे हे जंतूंचे वाहन आहे. १० लिटरला पाऊण तास पुरतो. १८ ते २० अंशांवर आल्यावर गाळ तळाशी ठेवून वर्ट बादलीत उंचावरून ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. यीस्टला सुरुवातीला वाढीसाठी प्राणवायू लागतो. संपूर्ण कृतीत हवा मिसळण्याची हीच एक वेळ. हायड्रोमीटरचे वाचन लिहून ठेवावे, ते १.०४४ च्या जवळ असावे. मग यीस्ट वर भुरभुरावे, झाकण दाबून बसवावे आणि एअरलॉकमध्ये थोडे पाणी भरावे.

यीस्टचे दिवस

बिअर बिघडते ती बहुधा इथे, आणि नवख्याचे लक्ष नेमके इथेच उडते, कारण करण्यासारखे काही उरलेले नसते. पहिल्या सहा ते चोवीस तासांत काहीच दिसत नाही. मग फेसाचा थर चढतो, एअरलॉक बुडबुडू लागतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किण्वन ऐन भरात येते. या वेळी यीस्ट स्वतः उष्णता सोडते. आतले तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वर जाते. खोली २२ अंश असेल तर बादली २५-२६ ला पोचते, आणि मग मद्यार्काचे जड प्रकार तयार होऊन बिअरला नेलपॉलिशचा उग्र वास व घशात चटका येतो. अशी बिअर कितीही मुरवली तरी सुधारत नाही. म्हणून पहिले चार दिवस बादलीचे तापमान १८ ते २० अंशांत ठेवणे हे मॅशिंगच्या तासापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये जिन्याखालचे कपाट किंवा हीटर नसलेली खोली वर्षाचा बराच काळ पुरते. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून त्यात बर्फाची बाटली सकाळ-संध्याकाळ बदलावी. पाण्याचा एवढा साठा तापमान सावकाश बदलू देतो. उलट टोकही आहे : थंडीच्या रात्री हीटिंग बंद होऊन तापमान १५ च्या खाली गेले तर एस-०४ सारखे यीस्ट काम अर्धवट टाकून तळाशी बसते.

पाचव्या-सहाव्या दिवशी बुडबुडे थांबतात. बिअर झाली असे समजून अनेक जण तेव्हाच बाटल्या भरतात, आणि तिला लोण्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास येतो. हे दोन्ही पदार्थ यीस्टनेच मधल्या टप्प्यावर सोडलेले असतात आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत खाते. चौदा दिवस बादली उघडू नये. एअरलॉकच्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये. झाकण जरा सैल असले तरी ते थांबतात आणि हवा तापली तरी पुन्हा येतात. किण्वन संपल्याची एकच खात्रीची खूण म्हणजे दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले हायड्रोमीटरचे वाचन तेच येणे. या कृतीत ते १.०११ च्या आसपास स्थिरावते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनातला फरक १३१ ने गुणला की मद्यार्काचा टक्का मिळतो; इथे तो ४.३ येतो.

घरच्या बिअरमुळे डोळे जातील, अशी भीती भारतातल्या विषारी दारूच्या बातम्यांनी मनात बसलेली असते. ती इथे लागू नाही. बार्ली आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होते, आणि गाळप नसल्याने ते एकवटतही नाही. हॉप्स, मद्यार्क आणि आम्लता यांच्यापुढे माणसाला आजारी पाडणारे जंतू टिकत नाहीत. स्वच्छता चुकली तर बिअर आंबट होते आणि ओतून द्यावी लागते, त्याहून वाईट काही होत नाही.

बाटल्या

बाटलीत वायू तयार होण्यासाठी यीस्टला थोडी साखर द्यावी लागते. १० लिटरला ५० ग्रॅम साधी साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून दुसऱ्या निर्जंतुक बादलीत घालावी आणि बिअर सायफनने तिच्यावर सोडावी. नळीचे टोक बुडाशी असावे. इथे हवा मिसळली तर महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दुसरी बादली नसेल तर प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत अडीच ग्रॅम साखर मोजून टाकावी. साखरेचे माप अंदाजाने घेऊ नये आणि किण्वन संपण्याआधी बाटली भरू नये. या दोन चुकांनी दाब वाढून बाटल्या फुटतात आणि काच खोलीभर उडते. एक बाटली जाड प्लॅस्टिकची भरून ठेवावी. ती दाबून पाहिली की आतला दाब कळतो, दगडासारखी घट्ट झाली की वायू पुरेसा झाला. ती फारच फुगली तर सगळ्याच बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये हलवाव्यात.

बाटल्या वरून दीड इंच मोकळ्या ठेवून बूच लावावे आणि २० अंशांच्या आसपास, अंधारात, झाकलेल्या खोक्यात दोन आठवडे ठेवाव्यात. प्रकाशात हॉप्समधले कडू द्रव्य फुटून सडकट वास येतो. तपकिरी काच तो बऱ्याच अंशी रोखते, हिरवी फारशी रोखत नाही, पांढरी अजिबात नाही. दोन आठवड्यांनी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून पहिली उघडावी. वायू कमी वाटला तर बाकीच्या आणखी आठवडाभर उबेत राहू द्याव्यात. या ताकदीची एल पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात चांगली लागते, नंतर हॉप्सचा वास ओसरतो.

ओतताना बाटली एकदाच आणि सावकाश कलती करावी व तळाचा बोटभर यीस्टचा गाळ बाटलीतच ठेवावा. पोटात गेला तर अपाय नाही, पण बिअर गढूळ होते. पहिल्या घाण्याची चव ठरली की दुसऱ्याला एकच गोष्ट बदलावी : मॅशिंगचे तापमान, किंवा हॉप्सची जात, किंवा यीस्ट. तीन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळायला मार्ग राहत नाही. रिकामी बाटली त्याच वेळी गरम पाण्याने विसळून पालथी घालावी, म्हणजे पुढच्या वेळी वाळलेला गाळ ब्रशने खरवडत बसावे लागत नाही.